‘हेरिडिटामेंट’ आणि आमचा हाडवळा

गेल्या दिवाळीनंतर आत्या आमच्याकडे आली. वय सत्तरीपुढचे, गुडघे गेलेले, पण एस. टी.ने एकटीच आली. चहा घेतला आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. म्हणाली, “बाळा, तू प्रोफेसर हायेस. ह्यात माझं नाव कुठं हाये तेवढं दाव.”

तो आमच्या हाडवळ्याचा सातबारा होता. गावच्या ओढ्याकाठी, महारवाड्याच्या खालच्या अंगाला असलेला तो तुकडा. उताऱ्यावर दोनच नावे होती, माझ्या वडिलांचे आणि चुलत्यांचे. आजोबा वारले तेव्हा तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली. त्या वेळी दोन मुलगे लागले आणि एक मुलगी गळाली. आता त्या बाजूने रस्ता रुंद झाला आहे, जमिनीला भाव आला आहे, आणि एक मध्यस्थ सह्या गोळा करत हिंडतो आहे. आत्याने चुलत्यांना विचारले तेव्हा तिला उत्तर मिळाले, “वतनात पोरीचं नाव लागत नसतं.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे की खोटे हे मी कधी तपासले नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. पण आत्याच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला म्हणून मी वतनाचे जुने कायदे वाचायला घेतले आणि वाचता वाचता एका इंग्रजी शब्दापाशी अडलो. त्या शब्दाची आणि आपल्या वतनाची गाठ कुठे पडते, आणि ती सोडवणे आज का आवश्यक आहे, ते या लेखात सांगायचे आहे.

१

तो शब्द म्हणजे ‘हेरिडिटामेंट’. उच्चारायला अवघड, पण अर्थ सोपा. वारसाने मिळू शकते अशी कोणतीही गोष्ट. लॅटिनमध्ये वारसाला ‘हेरेस’ म्हणतात. त्यावरून इंग्रजीत ‘एअर’ म्हणजे वारस, ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा, आणि कायद्याच्या भाषेत ‘हेरिडिटामेंट’ म्हणजे वारसाकडे जाणारी मिळकत.

इंग्लंडच्या जुन्या जमीनकायद्यात मिळकतीचे मुख्य दोन भाग होते. जमीन व जमिनीसारख्या मानलेल्या गोष्टी एकीकडे, आणि जनावरे, भांडीकुंडी, पैसाअडका दुसरीकडे. पहिली मिळकत धनी मृत्युपत्र न करता मेला की थेट वारसाकडे जाई, आणि वारस म्हणजे सामान्यतः थोरला मुलगा. थोरल्या मुलाचा हा हक्क तिथे १९२५ च्या कायद्यांनी संपला. धाकट्यांना आणि मुलींना काय मिळायचे ते दुसऱ्या भागातून. म्हणून अमुक गोष्ट ‘हेरिडिटामेंट’ आहे की नाही, हा इंग्रज घरांत भांडणाचा विषय असे. शब्दावर घर उभे राही किंवा पडे.

विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ ते १७६९ या काळात इंग्लंडच्या कायद्यांवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. पुढे इंग्रजी कायदा शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तो वाचूनच वकील झाल्या. त्याने या मिळकतीची दोन प्रकारांत मांडणी केली आहे. एक मूर्त, म्हणजे डोळ्यांना दिसणारी व हाताला लागणारी. शेत, घर, विहीर. दुसरी अमूर्त, म्हणजे जी दिसत नाही, पण जिच्यातून उत्पन्न किंवा अधिकार निघतो. या अमूर्त मिळकतीचे त्याने दहा प्रकार मोजले आहेत. चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क, चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दशांश, सामाईक गायरानाचा हक्क, दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वाट, हुद्दा, मानमरातब, राजाने दिलेले खास अधिकार, पोटगीवजा शिधा, वार्षिक नेमणूक आणि खंड.

या यादीत पाचवा हुद्दा आहे आणि सहावा मानमरातब. म्हणजे बापाचा हुद्दा आणि बापाचा मान या शेतासारख्याच मिळकती. बाप गेला की मुलाच्या नावावर चढायच्या. इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात लॉर्ड मंडळी जन्मावर बसत आली ती या सहाव्या प्रकाराच्या जोरावर. १९९९ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचा तो हक्क काढून घेतला.

आपल्यापैकी ज्यांनी गावगाडा पाहिला किंवा घरातून ऐकला, त्यांना ही यादी परकी वाटायची नाही. हुद्दा, मान, खंड, शिधा, वाट, गायरान. हे सगळे आपल्या गावात होते. आपल्याकडे त्याचे नाव होते वतन.

२

वतन हा अरबी शब्द. मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण, मायभूमी. मिरास, वारस, इनाम हे शब्दही अरबीच. बहामनी आणि नंतरच्या शाह्यांच्या कारभारातून ते मराठीत आले आणि मराठी होऊन गेले. जुन्या वतनपत्रांत ‘लेकराचे लेकरी’, ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ असे शब्द असत. इंग्लंडमधल्या दस्तात याच जागी ‘अमका आणि त्याचे वारस’ असे लिहीत. गंमत अशी, की तिथल्या कायद्याप्रमाणे ‘आणि त्याचे वारस’ या शब्दांनी वारसांना प्रत्यक्ष काहीच मिळत नसे. हक्क किती काळ टिकायचा एवढेच त्या शब्दांनी ठरे. वंश चालेल तोवर.

पाटलाचे वतन होते, कुलकर्ण्याचे होते, देशमुख-देशपांड्यांचे होते. आणि महाराचेही होते. परंपरा सांगते की बेदरच्या बादशहाने महारांना बावन हक्क दिले. आमचे आजोबा ते हक्क अभिमानाने मोजायचे. मेलेल्या ढोराचे कातडे, मढ्यावरचे कापड, खळ्यावरचे बलुते, दारोदार फिरून आणलेल्या भाकरी, आणि हाडवळ्याची जमीन. त्याच्या बदल्यात वेशीची राखण, शिवेच्या भांडणात साक्ष, सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे, परगावी मयताचा सांगावा नेणे, सरपण फोडणे, मेलेले ढोर ओढणे. आमच्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले. वाट्याला आलेले आयुष्यच बलुत्यासारखे, हा त्या एका शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

इंग्रज इथे आले तेव्हा त्यांच्या हाती ब्लॅकस्टोनची यादी होती आणि समोर वतनांचे जंगल होते. जुन्या धर्मशास्त्रात ‘निबंध’ नावाचा एक प्रकार होता. राजाने किंवा गावाने कुणाला ठरावीक उत्पन्न कायमचे लावून दिले, तर ते उत्पन्न जमिनीच्या बरोबरीचे मानायचे. इंग्रज न्यायाधीशांना यात आपला ‘हेरिडिटामेंट’ ओळखीचा वाटला. मुंबईच्या हायकोर्टाने वंशपरंपरेच्या पौरोहित्याला स्थावर मिळकत मानले. १८७३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने गुजरातेतील तोडा गिरास या हक्काच्या खटल्यात मुदतीच्या कायद्यापुरते तेच तत्त्व उचलून धरले. १९०८ च्या नोंदणी कायद्यात स्थावर मिळकतीच्या व्याख्येत जमीन आणि इमारतींच्या शेजारी ‘वंशपरंपरागत भत्ते’ येऊन बसले, ते याच वाटेने.

अशा रीतीने सातासमुद्रापारचा एक शब्द आणि मनुस्मृतीच्या गोतातला एक शब्द एकमेकांना भेटले. दोघांचेही मत एकच. जन्माने आलेला हुद्दा ही मिळकत.

३

१८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. त्या वर्षाचा तो तिसरा कायदा. लोक त्याला वतन कायदाच म्हणत. त्यात वतनी मिळकत म्हणजे काय ते सांगितले आहे. वंशपरंपरेच्या हुद्द्याचे काम करण्याबद्दल मोबदला म्हणून लावून दिलेली स्थावर वा जंगम मिळकत. हुद्दा, ही मिळकत आणि त्यांना चिकटलेले हक्क मिळून वतन होते. ते वतनदार घराण्याबाहेर सरकारच्या परवानगीशिवाय जायचे नाही.

वाचताना पाटील आणि महार एकाच कायद्याखाली, एकाच शब्दाखाली दिसतात. दोघेही वतनदार! पण कायद्याच्या कारभारात एकाचा हुद्दा वरिष्ठ आणि दुसऱ्याचा कनिष्ठ. ही नुसती पायरी नव्हती. दोघांच्या मिळकतीचा आशयच उलटा होता.

वरिष्ठांकडे पाहा. इंग्रजी अंमलात देशमुख-देशपांड्यांचे काम उरले नाही. तेव्हा १८६० नंतरच्या दशकात गॉर्डन समझोता नावाची व्यवस्था आली. काही रक्कम सरकारला द्यायची, चाकरीतून कायमचे मोकळे व्हायचे आणि जमीन मात्र राखायची. १८७४ च्या कायद्याची व्याख्याही त्यांना सोयीची होती. हुद्द्याचे मूळ काम सरकारने घेणे बंद केले असले, तरी तो हुद्दा वंशपरंपरेचा हुद्दाच राहतो, असे ती म्हणते. म्हणजे काम गेले तरी जमीन राहिली.

आता महाराकडे पाहा. त्याचे काम संपले नाही. उलट सरकारी खात्यांबरोबर ते वाढले. जमीन मात्र पिढीगणिक तुकड्यांत वाटली गेली. एका पिढीत दोन भावांचा असलेला हाडवळा चौथ्या पिढीत वीस घरांचा झाला. बलुते द्यायचे की नाही ते कुणब्याच्या मर्जीवर. कायद्यात बलुत्याच्या तंट्यासाठी पंचायतीची तरतूद होती. पण ज्या गावात वर मान करायची सोय नाही, त्या गावात पंचायतीपुढे जायचे कुणी?

आणि काम तरी किती, कोणते? ते कुठे लिहिलेलेच नव्हते. नेमणुकीचा महार आजारी असेल तर त्याचा बाप, त्याचा भाऊ, प्रसंगी त्याची बायको हजर झाली पाहिजे. सारे घर बांधलेले आणि दिवसाचे चोवीस तास बांधलेले.

इथे इंग्लंडच्या इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडते. तिथेही मध्ययुगात ‘व्हिलेन’ नावाचा वर्ग होता. सरदाराच्या जमिनीशी जखडलेले वेठकरी शेतकरी ते. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या ग्रंथात वेठीच्या जमिनीची एक खूण सांगितली आहे. उद्या सकाळी कोणते काम सांगितले जाईल हे ज्याला आदल्या संध्याकाळी माहीत नसते, त्याची धारणा वेठीची. काम ठरलेले तो मोकळा, काम न ठरलेले तो बांधलेला. ही कसोटी महार वतनाला लावून पाहा. जगातल्या कोणत्याही न्यायाधीशाने ते वेठच ठरवले असते. पण इथल्या सरकारने त्याला मिळकत म्हटले.

इंग्लंडमधल्या त्या वेठकऱ्यांच्या वंशजांचे पुढे काय झाले? १३४८ च्या मोठ्या प्लेगनंतर मजूर दुर्मिळ झाले. वेठीच्या जागी हळूहळू रोख खंड आला. जमिनीची नोंद सरदाराच्या दप्तरात होई आणि तिची नक्कल कुळाच्या हाती राही, म्हणून त्या धारणेला नकलेची धारणा असे नाव पडले. १९२२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९२६ पासून, तीही संपून जमीन पूर्ण मालकीची झाली. अर्थात तो वेठकरी अस्पृश्य नव्हता. त्याची सावली कुणाला विटाळत नव्हती. तुलना तेवढ्यापुरतीच घ्यायची. त्याच्या चाकरीचे पैशात रूपांतर झाले आणि जमीन त्याच्याकडे राहिली, एवढाच मुद्दा. महाराला नेमके हेच नाकारले गेले.

४

हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट कुणी ओळखले असेल, तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या माणसाला इंग्रजी मिळकतीचे शब्द नवे नव्हते. आणि महाराच्या पोटी जन्मलेल्याला त्या शब्दांआड काय दडले आहे तेही नवे नव्हते. १९२७ साली सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी महार वतनावर लिहिले. १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ चा कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक मांडले.

त्या विधेयकातल्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात. महाराने कोणते काम करायचे आणि कुणाचे, ते ठरवून द्या. बलुत्याची भीक बंद करून त्याचे पैशात रूपांतर करा आणि ती रक्कम साऱ्याबरोबर वसूल करून सरकारमार्फत द्या. आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला ती सोडू द्या. तो पूर्ण आकार भरील, जमीन त्याच्याकडे राहील. ही तिसरी मागणी म्हणजे देशमुखाला जे मिळाले ते महारालाही द्या, एवढेच. पण सरकार आणि जमीनदार सभासद यांच्या विरोधापुढे विधेयक तरले नाही. बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले.

या लढ्याचे पुढचे एक पाऊल आपल्या जिल्ह्यात पडले आहे आणि आपल्यातल्या तरुणांना ते माहीत असले पाहिजे. आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १६ डिसेंबर १९३९ रोजी महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब तिला आले होते. कारण होते जुडी. वतनी जमिनीवर सरकार पूर्ण साऱ्याऐवजी जो सवलतीचा सारा घेई त्याला जुडी म्हणत. ही जुडी सरकारने वाढवली होती. म्हणजे पगार म्हणून जमीन दिली, त्या पगारावर कर वाढवला, आणि चाकरी होती तशीच ठेवली. आमचे आजोबा तेव्हा लहान होते. आपल्या वडिलांबरोबर चालत हरेगावला गेल्याचे ते सांगत. भाषणातले काय आठवते असे मी विचारले तर म्हणत, “आठवत नाय. पर परतताना बाप म्हनला, ही जमीन आपली नाय, आपुनच जमिनीचं हाय.”

पणजोबांच्या या वाक्यात जे आहे ते मला कायद्याच्या पुस्तकांत इतके उघड सापडले नाही. पाटलाच्या वतनात पाटील वारस होता आणि वतन ही मिळकत होती. महाराच्या वतनात जमीन आणि गाव हे वारस होते आणि मिळकत होती महाराचे पोर.

५

स्वातंत्र्यानंतर संविधानाने या व्यवस्थेच्या मुळावर दोन घाव घातले. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. अनुच्छेद १६ ने सरकारी पदाच्या बाबतीत धर्म, जात, लिंग यांबरोबरच कूळ या कारणावरून भेद करण्याला मनाई केली. कूळ हा शब्द तिथे सहज पडलेला नाही. ‘बाप होता म्हणून मुलगा’ या तत्त्वालाच तो नकार आहे. १९६० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातील दशरथ राम राव यांच्या खटल्यात ग्रामाधिकाऱ्याचे पद घराण्यातल्या वारसालाच देण्याची जुन्या मद्रास कायद्यातली तरतूद याच शब्दाच्या आधारे रद्द ठरवली. हुद्दा ही मिळकत असू शकत नाही, हे या देशात असे ठरले. ब्लॅकस्टोनची पाचवी ओळ आपल्यापुरती खोडली गेली.

महाराष्ट्रात कुलकर्ण्यांची आणि परगण्याची वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटलांचा वंशपरंपरेचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने. महार, मांग, रामोशी यांची वतने कनिष्ठ गाववतने नाहीशी करण्याच्या १९५८ च्या कायद्याने गेली. हा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. वतनी जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या ठरावीक पट कब्जाची रक्कम भरली की त्याच वतनदाराला ती पुन्हा मिळायची. याला फेरवाटप किंवा रिग्रँट म्हणतात.

पण फेरवाटप बिनअटीचे नव्हते. मूळ कायद्यात अट अशी होती, की कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकार ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय ही जमीन दुसऱ्याला देता यायची नाही आणि हद्दी घालून वाटूनही घेता यायची नाही. सातबारावर ‘नवीन अविभाज्य शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते ते यामुळे. या नियमांत पुढे वेळोवेळी फरक झाले. म्हणून आपल्या जमिनीवर कोणती अट आहे हे ऐकीव माहितीवर न ठरवता फेरफाराची मूळ नोंद काढून वाचावे.

या अटीचा हेतू चांगला होता. निरक्षर माणसाकडून जमीन कुणी बाटलीभर दारूवर लिहून घेऊ नये. पण प्रत्यक्षात काय झाले ते आपण पाहतो. कब्जाची रक्कम भरायची असते हेच कित्येकांना कळले नाही. कुणाची जमीन कागदावर सरकारची राहिली आणि बांध दुसऱ्याने सरकवला. शहरालगतच्या वतनी जमिनींचे तर विचारूच नका. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ उठला. तेव्हा अनेकांनी ‘महार वतन’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले. ज्या घरांनी ते वतन पाठीवर वाहिले, त्यांच्या मुलांना तरी ते शब्द वर्तमानपत्रातून कळावे लागू नयेत.

६

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो.

“वतनात पोरीचं नाव लागत नसतं.” हे वाक्य कुठून आले? मला वाटत होते ती आमची जुनी रीत. पण ते कायद्यातही सापडते. १८८६ साली मुंबई सरकारने वतन कायद्याला जोड देणारा आणखी एक कायदा केला. त्यात असे ठरवले, की शेवटच्या पुरुष धन्याची विधवा सोडून घराण्यातली इतर कोणतीही स्त्री, आणि स्त्रीमार्फत हक्क सांगणारा कुणीही, वारसाच्या रांगेत घराण्यातल्या सर्व पात्र पुरुषांच्या मागे उभा राहील. सख्खी मुलगी मागे आणि लांबचा चुलतभाऊ पुढे. हुद्दा पुरुषाने चालवायचा, म्हणून हुद्द्याची जमीनही पुरुषाकडे, हा त्यामागचा विचार.

विचार करा. महारकीच्या कामात बाईला सूट होती का? भाकरी मागायला माझी पणजी जात होती. पाटलाच्या वाड्याचे अंगण आजी झाडत होती. पुरुष परगावी सांगावा घेऊन गेला की वेशीवर हाक ऐकायला घरची बाई उभी राही. चाकरीच्या वेळी सारे घर वतनदार आणि वारसाच्या वेळी फक्त पुरुष वतनदार, हा तो कायदा.

तो कायदा आज कुठे आहे? १ ऑगस्ट १९५९ रोजी कनिष्ठ वतन गेले. हुद्दा गेला, आणि हुद्द्यासाठी केलेला वारसाचा वेगळा नियमही त्याबरोबर गेला. त्याआधीच १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला होता. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे मृत्युपत्र न करता मेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगी ही मुलाबरोबरच पहिल्या वर्गातली वारस. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला जन्माने मुलाइतकाच हक्क दिला. फेरवाटप एकाच्या नावे झाले म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची, हा समजही बरोबर नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने नागेश बिस्टो देसाई विरुद्ध खंडो तिरमल देसाई या वरिष्ठ वतनाच्या खटल्यात सांगितले, की वतन रद्द होऊन फेरवाटप झाल्यावर ‘वाटणी होत नाही, थोरल्याकडेच राहते’ ही जुनी बंधने संपतात आणि जमीन कुटुंबातल्या सर्वांची ठरते.

आमचे आजोबा १९५९ नंतर कित्येक वर्षांनी वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. म्हणजे ज्या दिवशी आत्याचे नाव गळाले, त्या दिवशी ते गाळण्याचा कोणताही नियम जिवंत नव्हता. मेलेला नियम आमच्या घरात जिवंत होता एवढेच. चावडीवर कुणी विचारले नाही, आणि वडिलांनी व चुलत्यांनी सांगितले नाही. सांगायला नको असे त्यांना वाटले, कारण त्यांनाही वतन म्हणजे पुरुषाचेच असे शिकवले गेले होते.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. आम्ही वतनाला शिव्या दिल्या. सभांतून दिल्या, कवितेतून दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण वतनदाराची एक सवय आम्ही घरात ठेवून घेतली. गावाने आमच्याशी जे केले, चाकरी घ्यायची आणि हक्काच्या वेळी मागे उभे करायचे, तेच आम्ही आमच्या बहिणींशी आणि आत्यांशी केले. याला इंग्रजांचा कायदा जबाबदार होता हे खरे. पण तो कायदा रद्द झाल्यावरची वर्षे कुणाच्या खाती लिहायची?

वडिलांशी बोललो. पहिल्या दिवशी ते बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तिनं कधी मागितलं नव्हतं.” मी म्हणालो, “आण्णा, बाबासाहेबांनी मागेपर्यंत महारानंही मागितलं नव्हतं.” ते उठून बाहेर गेले. चार दिवसांनी त्यांनी स्वतः आत्याला फोन लावला. चुलते अजून राजी नाहीत. मध्यस्थाने आणलेल्या हक्कसोडीच्या कागदावर मात्र आमच्या घरातून कुणीही सही केलेली नाही. आत्याचे नाव वारस म्हणून लावण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर वडिलांची सही आहे. निकाल काय लागेल ते पुढे दिसेल.

माझ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्ता मित्रांना एक विनंती आहे. आपल्या घरचा सातबारा काढा. सातव्या नमुन्यात हक्काची नोंद असते, बाराव्यात पिकाची. त्यावर फेरफाराचे नंबर असतील, ते फेरफार सहाव्या नमुन्यात पाहा. वारसांची नोंदवही सहा-क मध्ये असते. जमीन हाडवळ्याची असेल तर फेरवाटप कधी झाले, कब्जाची रक्कम भरली की नाही, अट कोणती, आणि वारसांत कुणाचे नाव नाही, हे चार प्रश्न विचारा. चौथा प्रश्न आपल्याच माणसांना विचारावा लागतो, म्हणून तो सर्वांत अवघड आहे.

त्या दिवशी आत्या निघताना मी तिला एस. टी. स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत तिला ब्लॅकस्टोन, १८७४, १८८६ असे काही सांगण्याचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते इंग्रजाचं असू दे. मला जमीन नको बाळा, ती तुम्हीच खा. माझ्या बापाच्या कागदावर मला माझं नाव पायजे.”

यावर मी काही बोललो नाही. गाडी लागली होती. तिला चढवून दिले आणि तो सातबारा माझ्याजवळ ठेवून घेतला.